‘रेड ड्वार्फ’चा ‘मरून्ड’ भाग: लिस्टर लबाड की शहाणा? (रहस्यभंग आहे, आधीच सांगतो)

जागल्या

सरळ प्रश्न विचारतो. ‘मरून्ड’मध्ये लिस्टर जे करतो ते बरोबर की चूक? आमच्या घरात यावरून दोन पार्ट्या पडल्या आहेत. बायको म्हणते लिस्टर लबाड. मी म्हणतो, जीव वाचवायचा हक्क सगळ्यांना आहे. आणि ज्यानं पेन ड्राइव्हवर मालिका आणून दिली तो भाचा म्हणतो, मामा, तुम्ही कॉमेडी बघून राहिले की ग्रामसभा घेऊन राहिले?

ज्यांना मालिकाच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘रेड ड्वार्फ’ ही बीबीसीची विनोदी अंतराळ मालिका, 1988 साली सुरू झालेली, रॉब ग्रँट आणि डग नेलर यांनी लिहिलेली. खाणकामाचं एक अवाढव्य जहाज. त्यावरचा सगळ्यात खालच्या पायरीचा कामगार डेव्ह लिस्टर. चोरून मांजर आणली म्हणून त्याला काळ गोठवणाऱ्या खोलीत टाकतात. तेवढ्यात किरणोत्सर्गाची गळती होते आणि बाकी सगळे मरतात. जहाजाचा संगणक हॉली लिस्टरला बाहेर काढतो तो तीस लाख वर्षांनी! सोबतीला कोण, तर ज्याच्याशी जिवंतपणी कधी पटलं नाही तोच मेलेला साहेब, आर्नल्ड रिमर, होलोग्राम होऊन. दिसतो, बोलतो, डोकं खातो, पण कशाला हात लावू शकत नाही. शिवाय त्या मांजरीच्या वंशातून उत्क्रांत झालेला एक नटवा गडी आणि क्रायटन नावाचा यंत्रमानव.

या भागात लिस्टर आणि रिमरचं छोटं यान उल्का लागून एका बर्फाळ ग्रहावर पडतं. बाहेर हिमवादळ, खायला जवळपास काही नाही. ऊब पाहिजे म्हणून जे जळेल ते जाळायचं. पुस्तकं जातात, रिमरनं जपलेल्या नोटा जातात. शेवटी उरते लिस्टरची गिटार, रिमरची बापानं दिलेली कापूरलाकडाची पेटी आणि त्याचे नेपोलियनच्या फौजेचे जुने खेळण्यातले शिपाई. लिस्टर म्हणतो, ठीक आहे, गिटार जाळतो. आणि करतो काय, तर पेटीतून गिटारच्या आकाराचा तुकडा कापून तोच आगीत टाकतो. रिमरला वाटतं खरंच गिटार गेली. त्याला इतकं भरून येतं की तो आपण होऊन म्हणतो, माझे शिपाईही घे.

तर मंडळी, ही फसवणूक की नाही?

वांगं_रोडगे

पहिला! वाचतो निवांत.

गोवरी

शंभर टक्के फसवणूक. आणि नुसती पेटी जाळली म्हणून नव्हे. पेटी त्यानं समोरासमोर मागितली असती, भांडून घेतली असती, तरी मी लिस्टरच्या बाजूनं उभी राहिले असते. थंडीनं मरणारा माणूस पेटीकडं बघणारच. पण त्यानं ‘मी केवढा त्याग केला’ ही वाहवा सुद्धा चोरली. रिमरनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी मोठं म्हटलं आणि ते खोट्या गिटारीवर. तुमच्या मिसेसना माझा नमस्कार सांगा.

वखरवाला

अबे भाऊ, चूक काय केली त्यानं? रिमर मेलेला मानूस. त्याले ना थंडी, ना भूक. अन् जित्या मानसाले म्हनते का माह्या बापाची पेटी जाऊ नको. आमच्या इकडं असा मानूस भेटला असता तं पेटीसकट त्यालेच चुलीत घातला असता. होलोग्राम हाये म्हनून वाचला लेकाचा.

पुढची_तारीख

तालुका कोर्टात अर्धं आयुष्य गेलेल्या माणसाचं मत घ्या. भारतीय करार कायदा 1872, कलम 17 कपट, कलम 19 अशा कपटानं मिळवलेल्या संमतीचा परिणाम. रिमरनं शिपाई जाळायला संमती दिली, पण ती ‘गिटार जळाली’ या खोट्या समजुतीवर. लिस्टरनं ती समजूत मुद्दाम करून दिली. म्हणून संमती रद्द करण्याचा हक्क रिमरला आहे. आता शिपायांची राख झाल्यावर हक्क घेऊन काय करायचं, हा प्रश्न अशिलानं वकिलाला विचारायचा नसतो.

सातबारा

वकीलसाहेब, एक शंका. रिमर मयत आहे ना? मग पेटी त्याची कशी? मयताच्या मालमत्तेला वारस लागतात. वारसनोंद झाली का, फेरफार झाला का, नोटीस काढून हरकती मागवल्या का? तीस लाख वर्षांत एकही वारस हजर झाला नाही. म्हणजे पेटी सरकारजमा. आणि सरकार कोण, तर जिवंत उरलेला एकमेव नागरिक, म्हणजे लिस्टरच. त्यानं स्वतःचीच पेटी जाळली. विषय संपला.

पुढची_तारीख

@सातबारा, तुम्ही तलाठी आहात हे नाव बघूनच कळलं होतं. मयत म्हणून नोंद झालेला माणूस स्वतः समोर उभा राहून ‘मी आहे’ म्हणतो तेव्हा त्याला जिवंत सिद्ध करायला किती वर्षं जातात, हे तुमच्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक असणार?

सातबारा

पुराव्यासाठी आधार कार्ड जोडावं. होलोग्रामच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, त्यामुळे अर्ज प्रलंबित.

वांगं_रोडगे

हसून हसून पुरेवाट. तलाठ्यानं होलोग्रामलाही चकरा मारायला लावल्या.

धूमकेतू

माझं मत वेगळं आहे, मारू नका. मला हा भाग कंटाळवाणा वाटला. अंतराळ म्हणून बघायला बसलो आणि दोन माणसं एका खोलीत बसून गप्पा मारतात. ना लढाई, ना परग्रहवासी. लहानपणी दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ बघितलेली माणसं आम्ही (1998, मिलिंद सोमण). त्यात निदान दर आठवड्याला कोणीतरी गुन्हेगार पकडायचा असायचा. इथं काय, तर कुत्र्याचं अन्न खायचं की नूडल?

झाडीचा_पोरगा

@धूमकेतू, कंटाळवाणा नाही गा भाऊ, हे नाटक आहे. नाटक म्हणून बघा. आमच्याकडं गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, रात्री पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत पब्लिक मांडी मोडत नाही. का बसते? कंबरेत हात घालून उभा असलेला एक नट समोरच्याला असं काही बोलतो की मंडप उसळतो, आणि त्याच माणसाला पुढच्या प्रवेशात रडताना बघून बायका पदर डोळ्याला लावतात. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती अशाच रंगभूमीतून.

‘मरून्ड’ हे तेच आहे. एक सेट, दोन नट. क्रेग चार्ल्स आणि ख्रिस बॅरी. समोर खरे प्रेक्षक बसवून चित्रण करायचे, त्यामुळं हशा आला की नट किंचित थांबतो, ते बघा एकदा. आमच्या नटांना हे कोणी शिकवत नाही, मंडपच शिकवतो. हा भाग झाडीपट्टीत करायचा तर मला तरी काही अडचण दिसत नाही. यान म्हणजे मागं रंगवलेला पडदा, बर्फ म्हणजे जिनिंगमधून आणलेला कापूस, आणि पेटी तर प्रत्येक कंपनीकडं असतेच, कपड्यांची. फक्त मध्ये दोन लावण्या घालाव्या लागतील, नाहीतर तिकीट जाणार नाही.

वखरवाला

रिमरले लावनी आवडत नसन. तो तं मानसिक रोगी हाये, मागच्या जन्मी शिकंदराचा खोजा होतो म्हनते.

झाडीचा_पोरगा

तेच तर! त्याच विनोदावर भाग संपतो. रिमरला पेटीचं प्रकरण कळतं आणि तो क्रायटनला करवत आणायला सांगतो, शिकंदरानं माझं जे केलं तेच आता याचं करतो म्हणून. सुरुवातीला सहज टाकलेली गोष्ट शेवटी अशी वसूल करायची, ही नाटकवाल्याची हुशारी. मंडपात शिट्ट्या पडतील.

धूमकेतू

नाटक म्हणून मान्य. अंतराळ म्हणून नाही. मत बदललेलं नाही.

फळा_खडू

अंतराळ नाही कसं? भागाची सुरुवात विसरलात सगळे. हॉली ओरडते की पुढं पाच कृष्णविवरं आहेत, जहाज सोडून पळा. म्हणून तर ही दोघं त्या छोट्या यानात बसली. आणि शेवटी निघतं काय, तर कृष्णविवरं नव्हतीच, यंत्राच्या काचेवर कचरा होता. तिची सबब मला पाठ आहे: कृष्णविवर काळं, अंतराळही काळं, मग दिसणार कसं?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. सातवी-आठवीच्या पोरांना हा विनोद सांगितला की पोरं आधी हसतात आणि मग एखादी पोट्टी विचारतेच, “सर, पण खरंच कसं दिसते?” तिथून तास सुरू होतो. थेट दिसत नाही, पण त्यात पडणारा वायू तापून उजळतो, आजूबाजूचे तारे भलत्याच वेगानं फिरतात, त्यावरून कळतं. 10 एप्रिल 2019 ला पहिलं छायाचित्र जाहीर झालं, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर असलेल्या एम-87 दीर्घिकेच्या मधल्या कृष्णविवराचं. भोवती उजळ कडं, मध्ये काळी सावली. म्हणजे मालिकेनंतर तीस वर्षांनी हॉलीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मी ते चित्र फळ्याशेजारी चिकटवलं आहे. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा कोणत्या कंपनीचा मेदूवडा?

पैनगंगाकाठी

त्यात भर घालतो. कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की ज्या गुरुत्वलहरी येतात त्या पकडणारं लायगोचं केंद्र आमच्या शेजारी उभं राहणार आहे, औंढा नागनाथजवळ. केंद्र सरकारनं 2023 साली मंजुरी दिली, 2600 कोटींचा प्रकल्प.

वखरवाला

औंढा हिंगोली जिल्ह्यात हाये बापू, मराठवाडा. आपल्या विदर्भात का आनलं नाई मंग? अनुशेष, अनुशेष म्हनतेत तो हाच.

पैनगंगाकाठी

नदीच्या पलीकडं मराठवाडा, अलीकडं आम्ही. लहर काही पूल बघून थांबत नाही.

चुलीपाशी

धागा पार कुठल्या कुठं पोचला, जरा घरी आणते. मला या भागात सगळ्यात खरी वाटली ती ऊब आणि जाळण. आमच्याकडं बाहेरच्या लोकांना वाटतं विदर्भ म्हणजे फक्त उन्हाळा. डिसेंबरात या. 2018 च्या 29 डिसेंबरला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता, आणि खेड्यात वावराच्या कडेला त्याहून थंडी वाजते. कापसाची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटून घराशेजारी रचतो, तुरीच्या तुऱ्हाट्या वेगळ्या. पऱ्हाटी भसकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, तुऱ्हाटी थोडी टिकते, बाभळीचा ओंडका असला तर रात्र निघते. लिस्टरकडं पुस्तकं आणि नोटा, म्हणजे नुसती पऱ्हाटीच. त्याला ओंडका पाहिजे होता आणि ओंडका एकच, ती पेटी. गिटार पोकळ असते, तिनं किती वेळ शेकणार? व्यवहार म्हणून बघितलं तर पेटीच जाळायला पाहिजे होती.

आमच्या सासऱ्यांची सागवानी तिफण होती. ट्रॅक्टर आल्यावर ती गोठ्यात पडून. एका ओल्या वर्षी जाळण भिजलं आणि लग्नघर, स्वयंपाक अडला. दिरांनी तिफण फोडली. सासरे काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी ते पंगतीला बसले नाहीत. म्हणून रिमरच्या पेटीवर मला हसू कमी आलं.

गोवरी

@चुलीपाशी, हेच मला म्हणायचं होतं आणि तुम्ही नीट सांगितलं. तुमच्या दिरांनी निदान समोर फोडली.

गुढीची_रात

आमच्या सिंदेवाही तालुक्याला सोडून अंतराळाच्या गप्पा? 2 एप्रिल 2022, गुढीपाडवा, संध्याकाळी आभाळातून पेटलेल्या रेषा गेल्या, अर्ध्या महाराष्ट्रानं बघितल्या. लाडबोरी गावात भलंमोठं लोखंडी कडं येऊन पडलं, साधारण तीन मीटर व्यासाचं. आजूबाजूच्या गावांत गोळेही सापडले. चिनी रॉकेटचा भाग असल्याचं जाणकारांनी सांगितलं. आमच्या म्हाताऱ्या आत्यानं पहिला प्रश्न विचारला, भंगारात किती जाईल? लिस्टर आमच्या आत्याचाच कोणीतरी लागतो.

सातबारा

पंचनामा झाला होता ना? बरं वाटलं.

लोणारकर

तीन मीटरचं कडं घेऊन बसले! आमच्या लोणारला उल्का पडली तेव्हा 1.8 किलोमीटरचं विवर झालं, तेही बेसाल्टच्या काळ्या दगडात. बाकी विदर्भानं आमच्याशी अंतराळावर बोलू नये.

बोलीभाषा_बंद

कधीपासून मनात आहे, लिस्टर वऱ्हाडी बोलला पाहिजे. तो मुळात लिव्हरपूलचा, साहेबी इंग्रजी नाहीच त्याचं. आणि रिमर सदाशिव पेठेतून बदलीवर आलेला हेडक्लार्क. करून बघतो.

रिमर: लिस्टर, उपलब्ध अन्नसाठ्याची यादी मी केलेली आहे. एक पॉट नूडल आणि एक डबा श्वानखाद्य. शेवटी काय खायचं हे उघडच आहे.
लिस्टर: हाव ना. नूडलच शेवटी. मले नाई आवडत नूडल.
रिमर: ही पेटी माझ्या वडिलांनी मला दिलेली आहे.
लिस्टर: अन् काय देलं त्याईनं?
रिमर: ...
लिस्टर: मंग शेकू दे ना बे.

वांगं_रोडगे

मेलो. “मंग शेकू दे ना बे” यावर टी-शर्ट छापा.

वखरवाला

मांजऱ्याले नागपुरी द्या. सायंकायी सीताबर्डीले गॉगल घालून फिरनारा.

भाचा_नं_१

मीच तो भाचा. मामांनी धागा काढला आणि मला सांगितलंही नाही. काही तांत्रिक गोष्टी. रिमर तिसऱ्या सिझनमध्ये नुसता प्रकाश आहे, स्पर्श नाही. सहाव्या सिझनच्या ‘लीजन’ भागात त्याला घन प्रकाशाचं शरीर मिळतं, मग तो वस्तू उचलू शकतो. हा भाग 21 नोव्हेंबर 1989 चा. @धूमकेतू, लढाई पाहिजे असेल तर सहाव्या सिझनमधला ‘गनमेन ऑफ द अपोकॅलिप्स’ बघा, काउबॉयचा आहे, त्याला 1994 साली आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. पण मालिका ओळखायची असेल तर ‘मरून्ड’च.

धूमकेतू

काउबॉय? पेन ड्राइव्ह पाठव.

जागल्या

@भाचा_नं_१, तू अभ्यास कर.

खोडकिडा

सगळे लिस्टरवर भांडून राहिले, मी रिमरबद्दल बोलतो. वर कोणीतरी म्हणालं त्याला ना थंडी ना भूक. बरोबर. म्हणजे त्या यानात आग पेटो की विझो, रिमरचं शरीर काही गोठणार नव्हतं. लिस्टर मेला असता तर तो एकटा पडला असता, हे खरं, पण तो माणूस तर रोजच म्हणतो की हा मेला तर बरं. लिस्टरनं सुरुवातीला शिपाई जाळू का विचारलं तेव्हा त्यानं आकाशपाताळ एक केलं. आणि त्याच माणसानं गिटार जळताना बघितली, बघितली असं समजला, आणि न मागता शिपाई दिले. मालिकेत रिमर किती वेळा कोणाला काही देतो? भित्रा, चापलूस, नियमावलीवर नाक घासणारा. त्यानं दिलं तर आज दिलं.

लिस्टर लबाड की शहाणा याचं उत्तर मला नाही सापडत. पण लेखकांनी लबाडी लिस्टरच्या हातानं करवली आणि मोठेपणा रिमरच्या हातानं. आपला आवडता कोण आणि नावडता कोण हे आधीपासून ठरलेलं आणि याच भागात दोघांनी जागा बदलली. म्हणून तुमच्या घरात दोन पार्ट्या पडल्या, जागल्या भाऊ. ‘ग्रामसभा’ म्हणणाऱ्या भाच्यालाही हे ठाऊक असणार.

गोवरी

आणि देताना त्याचा आवाज. रिमर नेहमी नाकातून बोलतो, तिथं बोलत नाही.

वखरवाला

हे पटलं. पन रिमरले बरा मानूस म्हनाले सांगू नका, रात्री झोप येनार नाई मले.

पुढची_तारीख

खोडकिडा यांचा मुद्दा ग्राह्य धरला तर कलम 17 आणखी घट्ट होतं. न मागता दिलेली वस्तू, म्हणजे बक्षीस. कपटानं मिळवलेलं बक्षीसपत्र. याच प्रकारात आमच्या कोर्टात सख्खे भाऊ उभे असतात, रोज.

सातबारा

बक्षीसपत्र नोंदणीकृत होतं का?

चुलीपाशी

नेपोलियनची फौज होती ना ती? 1812 साली रशियाच्या थंडीत खरी गारद झाली, आता खेळण्यातलीही बर्फातच गेली. फक्त या वेळी पेटवून.

फळा_खडू

हे उद्या इतिहासाच्या बाईंना सांगतो.

जागल्या

बायकोनं खोडकिड्याचा प्रतिसाद वाचला. म्हणाली, “हा शहाणा मानूस दिसते, तू नाहीस.” लिस्टर लबाड हे मत तिनं कायम ठेवलं आहे, मीही माझं ठेवलं आहे. पुढचा भाग ‘पॉलिमॉर्फ’ दिसतो. घरच्यांसोबत बघण्यासारखा आहे का?

भाचा_नं_१

मामा, नाही. आजी खोलीत असेल तर अजिबात नाही. एकटे बघा आणि आवाज कमी ठेवा.

वांगं_रोडगे

आता तर आजीसोबतच बघतो.